स्नायू अडला तर मज्जातंतू तपासा

दिल्लीतल्या कुठल्याही जिममध्ये जाऊन 'प्रगती थांबली' अशी तक्रार करा, दोन सल्ले हमखास मिळतात: वजन वाढवा आणि प्रोटीन वाढवा. नोएडा असो, गुरुग्राम असो की आमचं वैशाली, सल्ला बदलत नाही. झंडेवालानच्या बाजारात व्यायामाची यंत्रं विकणाऱ्यापासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटापर्यंत सगळे स्नायूंविषयी बोलतात. त्या स्नायूला हुकूम देणाऱ्या मज्जातंतूचं नाव कोणी काढत नाही. माझं गाडं नेमकं तिथे अडलं होतं. आणखी काही महिने ते कळलं नसतं, तर काठीशिवाय चालणं अवघड झालं असतं, असं डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलं. ज्यांची प्रगती आज अडली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी मूळची कऱ्हाडची. नोकरीमुळे दिल्लीत आले आणि इथलीच झाले. घर गाझियाबादमध्ये वैशालीला, ऑफिस दिल्लीत, रोजचा प्रवास मेट्रोच्या ब्लू लाइनने. पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. पंचेचाळिशी ओलांडल्यावर बाईच्या हाडांची आणि स्नायूंची झीज वेगाने होते आणि ती रोखायला वजनं उचलण्यासारखा उपाय नाही, हे पटल्यामुळे जिम लावलं. तो निर्णय योग्यच होता. आजही मी प्रत्येक मैत्रिणीला तेच सांगते.

सुरुवात फार छान झाली. पहिल्या काही आठवड्यांतच उचलायचं वजन भराभर वाढलं. टेप लावून पाहिलं तर मांडी आणि दंड होते तेवढेच, तरी ताकद वाढलेली. हे कसं होतं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत चालक पेशी असतात. प्रत्येक पेशीचा एक लांब तंतू स्नायूपर्यंत जातो, तिथे त्याला फाटे फुटतात आणि तो अनेक स्नायूतंतूंना जोडला जातो. एक पेशी आणि तिच्या हुकमतीतले स्नायूतंतू मिळून एक तुकडी होते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका तुकडीत जेमतेम दहा-पंधरा तंतू असतात, तर पोटरीच्या मोठ्या स्नायूत हजाराहून जास्त. मज्जातंतूचं टोक स्नायूला चिकटलेलं नसतं. मधे अतिसूक्ष्म फट असते. संदेश आला की टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन त्या फटीत सुटतं आणि स्नायू आखडतो. मज्जातंतू असे रसायनाच्या मार्गाने संदेश पोचवतात हे दाखवणाऱ्या हेन्री डेल आणि ऑटो लोवी यांना 1936 साली नोबेल मिळालं. नाग आणि मण्यार यांचं विष याच फटीवर घाला घालतं. म्हणून दंश झालेल्या माणसाच्या पापण्या आधी जड होतात आणि मग श्वास अडतो. त्याचे स्नायू तेव्हाही शाबूत असतात, पण त्यांच्यापर्यंत हुकूम पोचत नाही.

नवखा माणूस वजन उचलतो तेव्हा या सगळ्या तुकड्या कामाला लागत नाहीत. लागतात त्यांचाही मेळ नसतो, आणि उलट्या दिशेने ओढणारा स्नायूही उगाच ताणला जातो. गणपतीच्या ढोल पथकाच्या सरावाला पहिल्या दिवशी गेलात तर नुसता गलका ऐकू येतो. महिन्याभराने तेच ढोल, तेच हात, पण ताशाच्या इशाऱ्यावर एकदम पडणारा टोला छातीत घुमतो. ढोल वाढलेले नसतात. पहिल्या आठवड्यांतली ताकद ही अशी असते. 1979 साली मोरितानी आणि डीव्हरीज या दोन संशोधकांनी हे मोजून दाखवलं: पहिल्या तीन ते पाच आठवड्यांतली वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते, स्नायूची जाडी त्यानंतर हिशेबात येते. 1992 मध्ये यू आणि कोल यांनी तर काही लोकांना चार आठवडे करंगळी ताणण्याची फक्त कल्पना करायला लावली. खरा व्यायाम करणाऱ्यांची ताकद 30 टक्के वाढली, आणि नुसती कल्पना करणाऱ्यांची 22 टक्के. करंगळी जागची हललीही नव्हती.

म्हणजे ताकद ही निम्मी मज्जासंस्थेची कमाई. मग ती मज्जासंस्थाच आजारी पडली तर?

काही महिन्यांनी माझा आलेख सपाट झाला. हे कोणाचंही होतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. त्यानंतर मात्र वजन उतरायला लागलं. आदल्या महिन्यात सहज उचललेलं आता उचलेना. बैठक मारताना पाय कुठे पडतोय ते नीट कळेना. दोन्ही तळपायांना सारख्याच मुंग्या, आणि अनवाणी उभं राहिलं तरी पायात मोजे आहेत असं वाटायचं. ट्रेनर सोनिपतकडचा, मनापासून शिकवणारा मुलगा. तो म्हणायचा, "मैम, कोर वीक है, प्लँक बढ़ाइए." त्याला दोष द्यायचा नाही. तोल जातो म्हणजे पोट-पाठीचे स्नायू दुबळे, एवढंच त्याला शिकवलं होतं.

या काळात माझं दुखणं सगळ्यात जास्त लपवलं ते जिमच्या आरशाने. आपला पाय, गुडघा, कंबर कुठे आहे हे मेंदूला तीन वाटांनी कळतं: डोळ्यांनी, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाने आणि स्नायू-सांध्यांतून येणाऱ्या संवेदनेने. तिसरी वाट बंद पडायला लागली की माणूस नकळत पहिलीवर भार टाकतो. आरशात बघून माझी बैठक ठीक व्हायची. नजर हटली की डगमगायची. लख्ख उजेडात मी चांगली चालत होते, पण वीज गेली की जिन्याचा कठडा सोडवत नसे. थंडीत, धुरक्यातल्या अंधाऱ्या सकाळी पार्कात चालताना सपाट रस्त्यावर ठेच लागे. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की एका हाताने बेसिन धरावं लागे. मान खाली घातली की पाठीतून पायांपर्यंत विजेसारखी झिणझिणी जाई. ही एकेक गोष्ट इतकी किरकोळ आहे की तिच्यासाठी कोणी डॉक्टरकडे जात नाही. पण या सगळ्या एकत्र आल्या तर त्यांचा अर्थ एकच असतो आणि तो गंभीर असतो.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. शेजारणीच्या मते कॅल्शियम कमी. ऑफिसात एकाने स्लिप डिस्क ठरवली. औषधाच्या दुकानात, "नस कमज़ोर है, इंजेक्शन लगवा लीजिए." मला वाचवलं ते आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या आरतीने. डोळे मिटून टाळ्या वाजवताना माझा तोल गेला आणि मी शेजारच्या काकूंच्या अंगावर गेले. काकू निवृत्त फिजिओथेरपिस्ट. प्रसाद वाटून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "पाय जुळवून उभी राहा. आता डोळे मीट. मी धरते, भिऊ नकोस." मी झुलायला लागले तशी त्यांनी दंड पकडला. "हे कोरचं नव्हे गं. उद्या न्यूरॉलॉजिस्टकडे जा. आणि तोवर जिमचं नाव काढू नकोस."

काकूंनी केली ती रोम्बर्गची चाचणी, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका जर्मन डॉक्टरने सांगितलेली. तिला यंत्र लागत नाही. न्यूरॉलॉजिस्टनेही आधी साध्याच गोष्टी केल्या. सेकंदाला 128 कंपनं देणारा धातूचा चिमटा वाजवून पायाच्या अंगठ्यावर टेकवला. मला काही जाणवलं नाही. डोळे मिटायला लावून अंगठा वर-खाली केला आणि दिशा विचारली; माझी उत्तरं चुकली. पोटऱ्यांचे, घोट्यांचे स्नायू मात्र धडधाकट निघाले. मग रक्त तपासलं. हिमोग्लोबिन उत्तम. बी-12 जीवनसत्त्व शंभराच्या आसपास, जिथे दोनशेच्या खालचा आकडाच कमतरता मानला जातो. पायांच्या मज्जातंतूंमधून संदेश जाण्याचा वेग मोजला, तोही कमी भरला. निरोगी माणसाच्या पायात हा वेग सेकंदाला चाळीस मीटरहून अधिक असतो.

बी-12 चा आणि वजन उचलण्याचा संबंध असा. मज्जातंतूंभोवती मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं. त्यामुळे संदेश वेगाने आणि न विस्कटता जातो. हे आवरण घडवायला आणि टिकवायला बी-12 लागतं. ते कमी पडलं की आवरण सुजतं, मग विरतं, आणि उशीर झाला तर आतला तंतूही मरतो. मज्जारज्जूच्या मागच्या भागातून पायांची जाणीव मेंदूकडे जाते. बहुधा आधी तो भाग बिघडतो. त्यानंतर बाजूचा, जिथून मेंदूचे हुकूम पायांकडे उतरतात. म्हणून आधी तोल जातो आणि मग ताकद. कितीही प्रोटीन खाल्लं तरी या आवरणाची डागडुजी होत नाही.

हिमोग्लोबिन चांगलं असताना असं कसं, हा प्रश्न मीही विचारला. डॉक्टरांनी माझ्या गोळ्यांची यादी बघितली. अशक्तपणावर लोह आणि फोलिक ॲसिडची गोळी चालू होती. इथे मुंबईचा एक जुना इतिहास कामाला येतो. 1928 साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा पांडुरोग व्हायचा, त्याचं मूळ ती शोधत होती. यीस्टच्या स्वस्त अर्काने तो बरा होतो हे तिने दाखवलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. आज जगभर गरोदर बाईला फोलिक ॲसिड दिलं जातं त्याची मुळं परळ-गिरणगावात आहेत, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण फोलिक ॲसिडची दुसरी बाजूही डॉक्टरांना दशकानुदशकं माहीत आहे. कमतरता बी-12 ची असेल तरी ते रक्त सुधारून दाखवतं आणि मज्जातंतूंची हानी मागे चालूच राहते. रिपोर्टवर सगळं हिरवं दिसतं. सकाळी फोलिक ॲसिड घेणारी शाकाहारी बाई संध्याकाळी जिममध्ये का अडखळते, हे अशा रिपोर्टवरून कळत नाही.

हे माझ्या एकटीचं नशीब म्हणून सोडून देता आलं असतं, तर लिहायचं कारण नव्हतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून 441 मध्यमवयीन पुरुष तपासले. 67 टक्क्यांमध्ये बी-12 कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात तर 81 टक्क्यांमध्ये. ज्यांच्या घरी दूध-तूप, फळं आणि डॉक्टर, सगळं आहे, त्यांच्यातच ही कमतरता सर्वांत जास्त. कमतरता असलेल्या प्रत्येकाचे मज्जातंतू बिघडतात असं नाही. बहुतेकांचे बिघडत नाहीत. पण जिमला पैसे भरणारा मराठी शाकाहारी माणूस, मग तो कोथरूडचा असो की गाझियाबादचा, याच 81 टक्क्यांच्या वर्गातून येतो. त्याला हे ठाऊक असायलाच हवं.

आता ज्यांना कामाचं तेवढं हवं आहे त्यांच्यासाठी.

बी-12 जिवाणू तयार करतात आणि ते आपल्यापर्यंत प्राणिज अन्नातून पोचतं. भाजी, डाळ, कडधान्य, सुकामेवा यांत ते भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिनाच्या डब्यावर काहीही छापलेलं असो, त्यात असतं ते बहुतांशी शरीराला न वापरता येणारं रूप. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं. मोठा पेलाभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम असतं, आणि आपण दूध पुन्हापुन्हा उकळतो त्यात काही भाग जातो. चहातलं दूध यात धरूच नका. दुधाच्या पिशवीवर निळं +एफ चिन्ह असेल तर त्यात अ आणि ड जीवनसत्त्व मिसळलेलं असतं, बी-12 नव्हे. पौष्टिकता वाढवलेल्या गव्हाच्या पिठात आणि तांदळात मात्र ते घातलेलं असतं, तेव्हा पिशवीवरची बारीक अक्षरं वाचा. अंडं चालत असेल तर खा. चालत नसेल तर त्यासाठी कुणी धर्म सोडायला नको, डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. शाकाहारावर माझा राग नाही. मी आजही शाकाहारीच आहे.

खाल्लेलं बी-12 अंगी लागायला पोटातलं आम्ल लागतं. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत म्हणूनच ही कमतरता वाढते. मधुमेहावरचं मेटफॉर्मिनही दीर्घकाळात बी-12 उतरवतं, आणि मधुमेहाने पायांना मुंग्या येतातच, त्यामुळे दुसरं कारण तपासलंच जात नाही. घरात कोणी मेटफॉर्मिनवर असेल तर त्यांची बी-12 ची तपासणी ठरावीक काळाने करून घ्या. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना तर आयुष्यभर यावर लक्ष ठेवावं लागतं. कमतरता असलेल्या माणसाला भूल देताना नायट्रस ऑक्साइड वापरला गेला तर उरलेलं बी-12 ही निकामी होतं. तेव्हा शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना सांगायचं विसरू नका.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट क्रमाची आहे. आधी रक्त द्या, मग गोळी किंवा इंजेक्शन. आमच्याकडे औषधाच्या दुकानात 'नस का इंजेक्शन' मागितलं की मिळतं. ते टोचून घेतलं की रक्तातला आकडा चढतो आणि पुढच्या तपासणीत सगळं ठीक दिसतं. मग खरा रोग काय होता, किती होता, अन्न कमी पडलं की पचन, हे शोधणं कठीण होतं. आकडा दोनशे ते तीनशेच्या मधे असेल आणि लक्षणं असतील तर डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड तपासायला सांगतात. ते वाढलेलं असेल तर कमतरता खरी असण्याची शक्यता मोठी. आणि एक: मज्जातंतूंच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्र गोळ्यांत बी-6 असतं. मोठ्या मात्रेत, महिनोन्‌महिने घेतलेलं बी-6 स्वतःच मज्जातंतू बिघडवतं आणि मुंग्या आणतं. ज्या मुंग्यांसाठी गोळी सुरू केली त्या मुंग्या गोळीनेच वाढतात, आणि माणूस मात्रा दुप्पट करतो. हे मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या बाबतीत जवळून पाहिलं आहे.

माझे उपचार इंजेक्शनांनी सुरू झाले, पुढे गोळीवर आले. जिभेची आगही व्हायची; ती आणि थकवा लवकर गेला. पायांनी वेळ घेतला. मज्जातंतू सावकाश सावरतात. तुटलेला तंतू नव्याने वाढतो तोही दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कमरेपासून तळपायापर्यंतचं अंतर मनात धरा म्हणजे घाई का करायची नाही ते समजेल. मज्जारज्जूतली हानी किती भरून येते हे मुख्यतः उपचार किती लवकर सुरू झाले यावर ठरतं. माझ्या उजव्या पायाच्या दोन बोटांत थोडी बधिरता राहिली आहे. ती राहणार.

या काळात काकूंनी मला पुन्हा व्यायाम शिकवला. तोच मी आता सगळ्यांना सुचवते, मज्जातंतू निरोगी असले तरी. आरशाकडे पाठ करून बैठक मारा. हलकं वजन घ्या, सावकाश उतरा, तळपायाचा कुठला भाग जमिनीवर दाब देतोय याकडे लक्ष द्या. भिंतीजवळ, कोणी सोबत असताना, एका पायावर उभं राहा; जमलं की काही क्षण डोळे मिटा. कठीण आणि कौशल्याचे प्रकार सुरुवातीला करा, अंग थकल्यावर नव्हे, कारण दमलेली मज्जासंस्था चुकीची हालचालही तितक्याच चोखपणे पाठ करते. जड वजनाच्या दोन फेऱ्यांमध्ये दोन-तीन मिनिटं सरळ बसून राहा. ट्रेनर घाई करेल, करू द्या. हालचाल बिघडायच्या आधी थांबा. आठवड्यातून एकदा दोन तास घाम गाळण्यापेक्षा चार वेळा थोडं थोडं केलेलं मज्जासंस्थेला जास्त कळतं. दीड तास मेट्रोत उभं राहून, अर्धवट झोपेवर रात्री दहाला जिम गाठणाऱ्या नोएडा-गुरुग्रामच्या मुलांना माझं सांगणं आहे: तुमची प्रगती अडली असेल तर पहिला संशय झोपेवर घ्या. ती मोफत आहे.

एक हात किंवा पाय जायबंदी असेल तरी व्यायाम सोडू नका. एका बाजूला दिलेल्या व्यायामाने दुसऱ्या बाजूची ताकदही काही प्रमाणात वाढते. येल विद्यापीठातल्या एडवर्ड स्क्रिप्चरने हे 1894 सालीच दाखवलं होतं. प्लास्टरमधल्या पायासाठी चांगला पाय राबवणं म्हणूनच फुकट जात नाही.

प्रत्येक अडलेली प्रगती म्हणजे मज्जातंतूचा रोग, असा अर्थ कृपा करून काढू नका. बहुतेकांचं अडतं ते झोप, जेवण आणि रोज बदलणारं वेळापत्रक यांमुळे. पण काही खुणा ओळखून ठेवा. दोन्ही पायांना सारख्या मुंग्या आणि अंधारात जाणारा तोल म्हणजे बी-12, साखर आणि थायरॉइड तपासा. कंबरेतून एकाच पायात उतरणारी कळ आणि अंगठा वर उचलता न येणं म्हणजे मणक्याजवळ मज्जातंतूचं मूळ दबलेलं असू शकतं. त्यावर डेडलिफ्ट हा उपाय नाही. झपाट्याने वजन उतरवलेल्यांत गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडावरून जाणाऱ्या मज्जातंतूभोवतीची चरबी कमी होते. मग पायावर पाय टाकून किंवा बराच वेळ उकिडवं बसलं की तो दबतो आणि पाऊल लुळं पडतं. लग्नाआधी महिन्या-दोन महिन्यांत वजन उतरवण्याच्या मागे लागलेल्या मुला-मुलींनी हे जरूर लक्षात ठेवावं. दिवस चढेल तशी थकत जाणारी ताकद आणि जड होणाऱ्या पापण्या हा मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधल्या फटीचा आजार असू शकतो. त्यावर चांगली औषधं आहेत, पण निदान व्हायला हवं.

आणि दोन वेळा अशा की थांबायचंच नाही. पायांतून सुरू झालेला अशक्तपणा तासा-दिवसांत वर चढत असेल, तर तो गियाँ-बारे असू शकतो. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात या आजाराचे अनेक रुग्ण एकदम आढळले तेव्हा महाराष्ट्राला हे नाव कळलं. दुसरी वेळ म्हणजे कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटणं किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं. दोन्हींत त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं, रात्र असली तरी.

व्यायाम सोडा असं मी कोणालाही सांगणार नाही. जिम लावलं नसतं तर माझं दुखणं आणखी वर्षभर तरी दबून राहिलं असतं, कारण बसून काम करणाऱ्या बाईचा तोल तपासायला दुसरं कोण येतं? तुम्ही शाकाहारी असाल, ॲसिडिटीच्या किंवा मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू असतील, किंवा वय पन्नाशीकडे झुकलं असेल, तर या महिन्यात एकदा बी-12 ची तपासणी करून घ्या, कुठलीही गोळी सुरू करण्याआधी. आणि घरातल्या आई-वडिलांचीही करून घ्या. ते तक्रार करणार नाहीत. ते फक्त जिन्याचा कठडा जास्त घट्ट धरतील.